शिकण्याचा अधिकारी कोण?

वेदान्ताच्या ग्रंथांत आरंभीच चार गोष्टी स्पष्ट करण्याची रीत आहे: ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध कसा, आणि या विद्येचा अधिकारी कोण. या चार गोष्टींना मिळून अनुबंधचतुष्टय म्हणतात, आणि ‘अधिकारी’ म्हणजे ती विद्या ज्याला मिळावी आणि जो ती पेलू शकेल असा माणूस. आज नामांकित शाळांच्या दाराशी हाच प्रश्न प्रवेशपरीक्षा, गुणवत्तायादी आणि निवड या शब्दांत दरवर्षी उभा राहतो. फरक इतकाच की पूर्वी त्याचे उत्तर देताना आचार्यांना पूर्वपक्ष मांडावा लागे आणि तो खोडून काढावा लागे, तर आज ज्याला गुण अधिक तो अधिकारी हे उत्तर वादाविनाच मान्य झालेले असते. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर न्याय्य ठरते का, हे तपासायचे असेल तर जुन्या अधिकारचर्चेकडे वळणे उपयोगाचे आहे, कारण दार उघडण्याची आणि दार लावण्याची अशी दोन्ही प्रकारची युक्तिवादपद्धती तिथे उघडपणे मांडलेली सापडते.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहावा अध्याय अधिकाराला वाहिलेला आहे. यज्ञ कोणी करावा, याचे उत्तर शोधताना मीमांसक दोन कसोट्या प्रमुख मानतात. पहिली अर्थित्व, म्हणजे त्या कर्माच्या फळाची इच्छा असणे. दुसरी सामर्थ्य, म्हणजे ते कर्म पार पाडण्याची क्षमता असणे. यावर एक आक्षेप येतो की यज्ञाला द्रव्य लागते, तेव्हा ज्याच्याजवळ द्रव्य आहे त्यालाच अधिकार असावा. सिद्धान्त मात्र हे मान्य करीत नाही. संपत्ती ही कायमची चिकटलेली वस्तू नाही, ती आज नसली तरी उद्या मिळवता येते, म्हणून निर्धनाचा अधिकार जात नाही असा निर्णय तिथे दिला आहे. त्यालगतच शारीरिक व्यंगाचा विचार येतो, आणि जे व्यंग दूर करता येण्याजोगे आहे त्याने अधिकार नष्ट होत नाही असेच तिथेही ठरते. या दोन निर्णयांमागचे तत्त्व एकच आहे: जी उणीव भरून काढता येते ती अपात्रता नव्हे. कर्मकांडाच्या चर्चेत सापडणारे हे तत्त्व शाळाप्रवेशाच्या प्रश्नाला थेट लागू पडते, आणि आधुनिक न्यायविचारातही त्याहून नेमके सूत्र सहज सापडत नाही.

परंतु त्याच अध्यायात, त्याच पादात, शूद्राला अधिकार नाही असाही निर्णय आहे. हा निर्णय एकमताचा नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अग्निस्थापनेच्या विधीत तीन वर्णांसाठी तीन ऋतू सांगितले आहेत, त्या अर्थी चौथ्या वर्णाला अधिकार नाही, असा दार लावणाऱ्या पक्षाचा युक्तिवाद होता. त्यावर बादरी नावाच्या आचार्याचे म्हणणे असे की ऋतूंचा तो उल्लेख केवळ काळ ठरवून देण्यासाठी आहे, माणसे वगळण्यासाठी नाही, म्हणून अधिकार सर्वांचाच आहे. जैमिनीने हे मत नावानिशी नोंदवले आणि बाजूला ठेवले. जी परंपरा निर्धनतेला अपात्रता मानायला तयार नव्हती, तिनेच जन्माला अपात्रता मानले, आणि बादरीने दाखवलेली वाट समोर असताना मानले. म्हणून त्या निर्णयाचे उत्तरदायित्व केवळ काळावर ढकलता येत नाही.

ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर, म्हणजे शूद्राच्या विद्याधिकाराची चर्चा करणाऱ्या प्रकरणावर, शंकराचार्यांनी लिहिलेल्या भाष्यात या निर्णयाची तर्करचना अधिक उघडी पडते. लौकिक सामर्थ्य, म्हणजे बुद्धी, स्मरण, आकलन, हे असू शकते हे तिथे नाकारलेले नाही; पण शास्त्रीय बाबतीत शास्त्रीय सामर्थ्य लागते, ते अध्ययनाने येते, अध्ययन उपनयनाने सुरू होते आणि उपनयन तर नाहीच, म्हणून सामर्थ्य नाही आणि म्हणून अधिकार नाही, अशी ती साखळी आहे. विद्येला लागणारी पात्रता विद्येनेच येते, आणि विद्या तर पात्रता नाही म्हणून मिळत नाही. हा तर्क वर्तुळाकार आहे. त्याला जोडून दोन गोष्टी येतात, ज्यांची ओळख आजच्या वाचकाला लगेच पटेल. एक म्हणजे सत्यकाम जाबालाची कथा. बापाचे गोत्र ठाऊक नसलेल्या मुलाला गुरूने केवळ सत्यवचनावर जवळ केले, अशी ती उदारतेची कथा म्हणून सांगितली जाते. सूत्रकार मात्र तिचा उपयोग उलट्या बाजूने करतात, गुरूने आधी मुलगा शूद्र नाही याची खात्री करून घेतली आणि मगच त्याचे उपनयन केले, म्हणजे ती त्यांच्या लेखी प्रवेशापूर्वीची पडताळणी होती. दुसरी गोष्ट महाभारतातील विदुर आणि धर्मव्याध या शूद्र मानल्या गेलेल्या ज्ञानी पुरुषांची. यांना ज्ञान झाले हे तर नाकारता येत नाही, तेव्हा ते पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे झाले असे म्हणून अपवादाची सोय लावली जाते आणि नियम अबाधित राहतो.

हाच तर्क आजच्या प्रवेशपरीक्षेत, जन्माचा उल्लेख न करता, कसा वावरतो हे पाहण्यासाठी जवाहर नवोदय विद्यालयांचे उदाहरण घेणे योग्य ठरेल, कारण ही योजना सद्हेतूची आहे आणि तिच्यावरचा आक्षेप वाईट हेतूवरचा आक्षेप नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही निवासी विद्यालये आली; त्याआधी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे दोन विद्यालये प्रयोगादाखल सुरू झाली होती. ग्रामीण भागातील हुशार मुलांना, घरची ऐपत काहीही असली तरी, उत्तम शिक्षण मिळावे हा त्यांचा उद्देश. सहावीच्या वर्गात एका विद्यालयात ८० मुले घेतली जातात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, एक तृतीयांश मुलींसाठी, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखलेल्या असतात. बहुतेक खर्च सरकार उचलते. देशातील कोणत्याही खासगी नामांकित शाळेच्या प्रवेशनियमांशी तुलना केली तर हे नियम कितीतरी अधिक उदार आहेत.

तरीही दार परीक्षेचेच आहे. पाचवीत शिकणाऱ्या मुलापुढे दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची प्रश्नपत्रिका येते. तिच्यातील ४० प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे असतात आणि उरलेले अंकगणित व भाषा यांत निम्मे निम्मे वाटलेले असतात. मानसिक क्षमतेचे प्रश्न आकृत्यांचे: चार आकृत्यांतील विसंगत आकृती ओळखणे, आकृतीची आरशातील प्रतिमा शोधणे, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे. हे प्रश्न शालेय अभ्यासावर अवलंबून नाहीत, त्यांतून निखळ बुद्धीच दिसते, असा त्यांच्यामागचा समज आहे. पण अशा शेकडो आकृत्या ज्याने वर्षभर क्लासमध्ये सोडवल्या आहेत आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्याचा ज्याला सराव आहे तो मुलगा, आणि असा कागद जो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहतो आहे तो मुलगा, यांच्यातील अंतर बुद्धीचे नसते. तालुक्याच्या गावी नवोदय, सैनिक स्कूल आणि शिष्यवृत्ती यांची एकत्र तयारी करून घेणारे क्लास आणि निवासी वर्ग यांचे फलक लागलेले दिसतात, ते याच अंतरावर उभे आहेत. आणि ही परीक्षा उमेदवाराला एकदाच देता येते.

याच नियमावलीत एक अट अशी आहे की मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवीचे वर्ष मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेले असावे आणि पाचवीत तो त्याच जिल्ह्यात शिकत असावा. वरवर पाहता या अटीत अन्याय्य काही नाही. परंतु बीड जिल्ह्यातून मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार केला, तर मूल त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या परिसरातल्या पाचटाच्या कोपीत राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि गाळप हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. निवडचाचणी साधारणतः जानेवारीत होते, ऐन हंगामात. त्या मुलाला अपात्र ठरवणारा कोणीही नसतो, त्याचा अर्ज फेटाळला जात नाही. तो अर्जच होत नाही. आई-वडिलांचे कोयत्याचे काम हा त्या मुलाचा गुण नाही आणि दोषही नाही, पण ग्रामीण गुणवत्तेसाठी काढलेल्या शाळेची वाट त्याच्यासाठी तिथेच संपते. मीमांसकांच्या भाषेत बोलायचे तर ही उणीव पूर्णपणे दूर करता येण्याजोगी आहे. तिला अपात्रतेचे रूप येते ते केवळ ती दूर करण्याआधीच निवड होते म्हणून.

येथे निवडपद्धतीच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद लक्षात घ्यायला हवा. जागा ८० आहेत, अर्ज हजारोंनी येतात, कोणाला तरी नाही म्हणावेच लागणार. मग ज्याला त्या शिक्षणाचा जास्तीत जास्त उपयोग होईल त्याला ते द्यावे हे शहाणपणाचे नाही काय? शिवाय खेड्यातील एखाद्या शेतमजुराच्या तल्लख मुलीला परीक्षेचे हे दारही नसते तर गावाबाहेर पडण्याची संधी मिळालीच नसती. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ज्या आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला या परीक्षेसाठी तयार केले त्यांच्या कष्टांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु या युक्तिवादात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले आहेत. जागा थोड्या आहेत हा वस्तुस्थितीचा दावा. ज्यांना जागा मिळाली तेच तिला पात्र होते हा नैतिक दावा. पहिल्यावरून दुसरा निघत नाही. तुटवड्यामुळे करावी लागलेली निवड आणि योग्यतेमुळे झालेली निवड यांना एकाच गुणवत्तायादीत बसवले की यादीबाहेरच्या मुलाला, दहाव्या-अकराव्या वर्षी, आपण कमी प्रतीचे आहोत असे सरकारी शिक्क्यासह सांगितले जाते. आणि त्या शेतमजुराच्या मुलीचे उदाहरण पुन्हा पुन्हा पुढे केले जाते, तेव्हा ती विदुर-धर्मव्याधांच्या जागी उभी असते: तिच्या यशाने नियमाची कसोटी लागत नाही, नियमाला संरक्षण मिळते.

पूर्वकर्माचा आधार घेऊन काही जण असेही म्हणतात की बुद्धी, घर, संस्कार हे ज्याचे त्याचे संचित आहे, त्याचे फळ त्याला मिळते यात अन्याय कसला? कर्मसिद्धान्त खरा मानला तरी हा निष्कर्ष त्यातून येत नाही. दुसऱ्याचे संचित काय आहे हे ओळखून त्यानुसार त्याला वाढायचे की वगळायचे, हे काम तो सिद्धान्त कोणत्याही माणसावर किंवा संस्थेवर सोपवीत नाही. शाळेने दार उघडणे किंवा लावणे हे शाळेचे स्वतःचे कर्म आहे आणि त्याचा जाब तिलाच द्यावा लागेल.

याच मुद्द्याची आधुनिक मांडणी बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केली. माणसाची शक्ती तीन गोष्टींवर ठरते, असे ते तिथे सांगतात: शारीरिक आनुवंशिकता, सामाजिक वारसा (यात आई-वडिलांची काळजी, शिक्षण आणि साधलेले ज्ञान हे सारे आले) आणि स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांतील फरकानुसार वागणुकीत फरक करता येईल, पण पहिल्या दोन बाबतींतील फरकावर निवड केली तर ती समर्थांची निवड न राहता आधीच ज्यांच्या पदरात सारे पडले आहे त्यांचीच निवड होते, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ लिहिताना अंगभूत बुद्धीची वाटणी नैतिकदृष्ट्या आकस्मिक आहे, आणि प्रयत्न करण्याची वृत्तीसुद्धा घर व परिस्थिती यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे म्हटले. रॉल्स यांची ख्याती जगभर आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा पस्तीस वर्षे आधी एका भारतीय विचारवंताने, जातीच्या प्रत्यक्ष अनुभवातून, अधिक धारदारपणे मांडला होता, हे मराठी वाचकाने तरी विसरू नये. लहान वयातील अशा निवडीचा अनुभव इतरत्रही घेतला गेला आहे. इंग्लंडने १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची ग्रामर शाळा आणि इतर शाळा अशी विभागणी केली, आणि १९६५ मध्ये तिथल्याच सरकारने ही विभागणी मोडण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. मध्ये १९५८ साली मायकेल यंग यांनी ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे पुस्तक लिहून, गुणवत्तेच्या नावाखाली वारशाचेच राज्य कसे येते, याचे भयचित्र रंगवले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा कृतीतून अधिक दिले गेले. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाच्या कृपणपणाचा उल्लेख येतो, ज्ञानाने संपन्न असूनही तो तीन वर्णांपुरताच बोलला म्हणून. आणि गीतेने ते उणेपण भरून काढले अशी ज्ञानदेवांची मांडणी आहे. विद्येची थोरवी आणि विद्येची कंजुषी या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगण्याचे धैर्य तेराव्या शतकातले आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात याच कंजुषीवर, आता सरकारी तिजोरीच्या संदर्भात, बोट ठेवले: शेतकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण चालते, वरून शिकलेल्यांकडून ज्ञान आपोआप खाली झिरपेल ही अपेक्षा फोल आहे, म्हणून आधी बहुजनांचे प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे. निवडक थोड्यांना उत्तम शिकवावे आणि बाकीच्यांनी त्यांच्या प्रकाशाची वाट पाहावी, या कल्पनेला त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती.

राजर्षी शाहू महाराजांचे कार्य या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांच्यापुढेही जागा आणि पैसा यांचा तुटवडा होताच. तरी त्यांचा पहिला प्रश्न कोणते मूल अधिक हुशार हा नव्हता. शिकू इच्छिणाऱ्या मुलाला काय कमी पडते हा होता, आणि राहायला जागा व दोन वेळचे जेवण कमी पडते असे दिसताच त्यांनी वसतिगृह काढले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली, तेव्हा त्यांनीही मुलांच्या बुद्धीची प्रतवारी लावली नाही. पैसा नाही ही उणीव ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने भरून काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मीमांसकांनी निर्धनाच्या बाबतीत मान्य केलेले आणि शूद्राच्या बाबतीत सोडून दिलेले तत्त्व या दोघांनी सर्वांसाठी, आणि प्रत्यक्ष अन्नवस्त्राच्या रूपात, अमलात आणले. आज ऊसतोड मजुरांच्या मुलांना गावातच राहून शाळा पूर्ण करता यावी म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे याच परंपरेतली आहेत. त्यांच्याकडे गुणवत्तायादीइतके लक्ष कोणाचे जात नाही, पण न्यायाच्या दृष्टीने त्यांचे मोल अधिक आहे.

तरीही प्रश्न उरतोच की जागा थोड्या आणि मुले पुष्कळ असतील तेव्हा काय करावे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या, आणि महाराष्ट्रात त्यांचे वाटप सोडतीने होते. सोडतीला अनेक सुशिक्षित लोक आंधळी म्हणून नावे ठेवतात. पण सोडतीत एक सत्य मान्य केलेले असते जे गुणवत्तायादी झाकते: ही सगळी मुले सारखीच पात्र आहेत आणि तुटवडा आपल्या बाजूचा आहे. सोडतीत नाव न आलेल्या मुलाची संधी जाते, मान जात नाही. मायकेल सँडेल यांनी २०२० मध्ये ‘द टिरनी ऑफ मेरिट’ या पुस्तकात मोठ्या विद्यापीठांसाठीही किमान पात्र विद्यार्थ्यांमध्ये सोडतच काढावी असे सुचवले. विद्यापीठाच्या बाबतीत यावर वाद होऊ शकतो, कारण तिथे काही पूर्वज्ञान खरोखरच लागते आणि विद्यार्थीही वयाने मोठा झालेला असतो. सहावीच्या वर्गासाठी असा कोणता युक्तिवाद शिल्लक राहतो हे दिसत नाही. सोडत हा न्यायाचा शेवट नव्हे, चांगल्या शाळा पुरेशा होईपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था आहे, आणि तीतही सर्वाधिक अडचणीतल्या मुलांना, म्हणजे स्थलांतरितांना, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना, अपंगांना, झुकते माप देता येते. नवोदय विद्यालयांनी हा मार्ग धरला तर त्यांचे शिक्षक, वसतिगृहे आणि प्रयोगशाळा कमी दर्जाच्या होणार नाहीत. फक्त त्या शाळांची थोरवी त्यांनी कोणाला निवडले यावर न ठरता कोणाला किती पुढे नेले यावर ठरू लागेल, आणि शाळेची खरी परीक्षा तीच आहे.

हा मार्ग निर्वेध नाही हे अलीकडेच दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट दिली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सूट घटनाबाह्य ठरवून रद्द केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम राखला. शेजारी दुसरी शाळा आहे म्हणून या शाळेचे दार लावता येते, हा तर्क न्यायालयात टिकला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार तर प्रवेश देताना कोणत्याही मुलाची किंवा त्याच्या आई-वडिलांची चाळणी लावण्यास बंदी आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि सरकार स्वतः चालवत असलेल्या नवोदय विद्यालयांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांची निवडचाचणी आजही दरवर्षी घेतली जाते.